पाण्याला वास येतोय? बाटली भरायच्या आधी हे वाचा, नाहीतर टेस्टचे पैसे वाया

मार्च लागला की आपल्याकडं हे दरसाल सुरू होतं. धरण तळाला जातं, बोअर तुटक तुटक चालतं, टँकर फिरायला लागतात आणि जो तो विचारतो की पाण्याला वास येऊलालाय, टेस्ट कुठं करावी. मग घरातलं कोणीतरी कोल्ड्रिंकची रिकामी बाटली विसळतं, भरतं, गाडीच्या डिक्कीत टाकतं, भर दुपारी लॅबला नेऊन देतं, आठ दिवसांनी रिपोर्ट येतो "पिण्यास योग्य" आणि नळाचा वास तसाच्या तसा. लोक चिडतात, म्हणतात लॅबवाल्यांनी काही बघितलंच नाही.

त्यांनी बघितलेलं असतं, पण फॉर्मवर जे लिहिलंय तेच. नेहमीच्या तपासणीत पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराईड, नायट्रेट, फ्लोराईड, लोह, गढूळपणा आणि कोलिफॉर्म (घाण मिसळलीय का ते सांगणारे जिवाणू) एवढंच असतं, आणि यातल्या बहुतेकांना वास नसतोच. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं, फ्लोराईड दीडच्या वर गेलं तरी नाकाला काही कळत नाही. उलट ज्या गोष्टींनी वास येतो त्या फॉर्मवर नसतात आणि उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या बाटलीतून लॅबला पोचेपर्यंत अर्ध्या उडून गेलेल्या असतात. वासाची टेस्ट लॅबमध्ये सुरू होत नाही हो, ती तुमच्या घरात सुरू होते. वास कसला, तो सुरू कुठून होतो आणि बाटली कोणती, या तीन गोष्टी नीट केल्या तरच लॅबच्या मशीनचा उपयोग.

आधी वासाला नाव द्या

काचेची मोठ्या तोंडाची बरणी घ्या, लोणच्याची किंवा मसाल्याची नको, त्यांचा वास झाकणातून जात नाही. बिनवासाच्या पावडरनं धुवा, त्याच पाण्यानं दोनचार वेळा विसळा, अर्धी भरा, झाकण लावून जोरात हलवा आणि झाकण उघडल्या उघडल्या वास घ्या. मग तीच बरणी झाकण सैल करून गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा, आतलं पाणी साधारण ६० अंशाला येऊ द्या (म्हणजे बोट बुडवलं तर लगेच काढावंसं वाटेल इतकं) आणि परत वास घ्या. हे मी मनानं सांगत नाही, पिण्याच्या पाण्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस १०५००, त्यातच लिहिलंय की वास थंड आणि गरम असा दोन्हीवर बघायचा आणि पाणी पातळ करत करत बघायचा. त्याच मानकात चवीच्या पुढं लिहिलंय की पाणी सुरक्षित आहे हे ठरल्यावरच चव घ्यायची. म्हणून घोट घेऊन बघू नका, लेकरांना तर अजिबात देऊ नका.

एकट्याच्या नाकावर विसंबू नका. रोज तेच पाणी वापरणाऱ्याचं नाक मरतं, त्याला वास जाणवायचा बंद होतो. शेजारचं एक, बाहेरगावाहून आलेलं एक असं दोघातिघांना बोलवा, आणि ज्यांनी नुकतीच तंबाखू मळलीय, मिसरी लावलीय किंवा कांदा चिरलाय त्यांना या कामाला घेऊ नका. प्रत्येकानं काय वाटलं ते दुसऱ्याला न सांगता कागदावर लिहायचं. काही मोठ्या शहरांतल्या पाणीपुरवठ्यात यासाठी माणसं ट्रेन केलेली असतात, पद्धत मुळात हीच.

आता कोणता वास म्हणजे काय, ते बघू.

सडलेल्या अंड्यावाणी वास असेल तर हायड्रोजन सल्फाईड. बोअर महिनोन् महिने बंद राहिलं, खाली ऑक्सिजन संपला की तिथले काही जिवाणू पाण्यातलं सल्फेट वापरतात आणि हा वायू सोडतात. याची मर्यादा मानकात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि त्यात सूट नाही, म्हणजे दुसरं पाणी नाही म्हणून चालवून घ्या असं मानक म्हणत नाही. एक लक्षात ठेवा, वास फक्त गरम पाण्याला येत असेल आणि थंडाला नसेल तर बोअरला दोष देऊ नका, गिझर नाहीतर सोलरची टाकी बघा, आतला मॅग्नेशियमचा रॉड आणि हेच जिवाणू मिळून तिथं वास तयार करतात.

पहिल्या पावसात माती भिजल्यावर येतो तसा किंवा कुबट वास धरणाच्या पाण्याला येत असेल तर बहुतेक जिओस्मिन नाहीतर एमआयबी, पूर्ण नाव टू-मिथाइल आयसोबोर्निऑल. निळं-हिरवं शेवाळ (ज्याला सायानोबॅक्टेरिया म्हणतात) आणि मातीतले काही जिवाणू हे तयार करतात. उन्हाळ्यात पातळी खाली जाते, पाणी तापतं, साचून राहतं, तेव्हा शेवाळाला आयतंच रान मिळतं, मग जायकवाडी असो, मांजरा असो नाहीतर गावचा पाझर तलाव. माणसाच्या नाकाला हे लिटरला १० नॅनोग्रॅमच्या आसपास कळतं. आपण धरणाचं माप टीएमसीत बोलतो ना, तर १ टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर, आणि एवढ्या सगळ्या पाण्याला वास यायला तीनशे ग्रॅमपेक्षाही कमी जिओस्मिन पुरतं. तब्येतीला या प्रमाणात त्याचा अपाय नाही, पण ते मोजायचं म्हणजे साध्या लॅबचं काम नाही हे यावरून कळेल.

दवाखान्यासारखा, फिनेलसारखा वास असेल तर टीसीएल (पाण्यात टाकतात ती ब्लीचिंग पावडर) जास्त पडलं असं लोक समजतात. टीसीएलचा साधा झणका वेगळा. औषधी वास येतो तो बऱ्याचदा क्लोरीन आणि फिनॉल एकत्र आल्यानं, क्लोरोफिनॉल तयार होतात आणि ते अगदी किंचित असले तरी कळतात. टाकीला नवा रंग दिलाय का, डांबराचा थर लावलाय का, नवा पाइप किंवा रबर बसवलंय का ते विचारा. फिनॉलची मर्यादा ०.००१ मिलिग्रॅम आहे, अंड्याच्या वासावाल्या सल्फाईडपेक्षा पन्नास पट कडक.

मासळीचा किंवा गवताचा वास बहुतेक शेवाळाचाच. लोखंडी वास, खरं म्हणजे चव, लोह आणि मँगनीजची.

गटारीचा वास असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा. पिणं थांबवा, पाइपलाइन कुठं नालीतून जाते ते बघा आणि पहिली टेस्ट जिवाणूंची करा, केमिकलची नंतर. तसंच रॉकेल, डिझेलचा वास असेल तर पाणी गरम करून हुंगत बसू नका. टँकर आधी काय भरत होता ते विचारा, मोटरचं ऑइल गळतंय का बघा, आणि ते पाणी स्वयंपाकालासुद्धा वापरू नका.

वास सुरू कुठून होतो

तीन ठिकाणचं पाणी घ्यायचं. एक मुळाशी, म्हणजे बोअर किंवा हापसा असेल तर दहापंधरा मिनिटं चालवून, पाइपात साचलेलं पाणी निघून गेल्यावर. दुसरं टाकीतलं. तिसरं स्वयंपाकघरातल्या नळाचं, आणि ते ग्लासात घेऊन दुसऱ्या खोलीत नेऊन हुंगा, कारण कितीतरी घरांत वास पाण्याला नसतो, बेसिनच्या जाळीतून वर येतो. सकाळी पहिल्या धारेलाच वास येऊन नंतर जात असेल तर घरातला पाइप, मुळाशीच असेल तर बोअर किंवा धरण, फक्त टाकीत असेल तर टाकी. नव्या प्लास्टिकच्या टाकीचा वास पहिले काही आठवडे येतो, तो वेगळा. लॅबला तीनही ठिकाणची बाटली पाठवायची गरज नसते, जिथं वास सगळ्यात जास्त आहे तिथली एक आणि जिथं नाही तिथली एक, या दोनच पुरतात. बिनवासाची बाटली लोक पाठवत नाहीत, पण तिच्याशी ताडून बघितल्याशिवाय वासाच्या बाटलीतल्या आकड्याला अर्थ लागत नाही.

बाटली

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो म्हणून सावकाश वाचा. एका बाटलीत सगळ्या टेस्ट होत नाहीत. लॅबला आधी फोन करा, कोणत्या टेस्ट करायच्या ते सांगा आणि बाटल्या त्यांच्याकडूनच आणा.

सल्फाईडच्या बाटलीत लॅबवाले आधीच झिंक ॲसिटेटचे थेंब टाकून देतात. ते तळाला नुसते ओलसर दिसतात, कोणी वापरलेली बाटली दिलीय असं वाटतं, आणि आपली सवय अशी की कुठलंही भांडं भरायच्या आधी खळखळून विसळायचं. इथं विसळायचं नाही! ते थेंब पाण्यातल्या सल्फाईडला धरून ठेवतात, झिंक सल्फाईडचा बारीक पांढरा साका तयार होतो आणि मग तो वायू बनून उडत नाही. थेंब ओतून दिले की सगळी मेहनत गेली. भरताना बाटली तिरपी धरून पाण्याची बारीक धार आतल्या काचेवरून सोडा, बुडबुडे येऊ देऊ नका, काठोकाठ भरा, सोडियम हायड्रॉक्साईडची कुपी दिली असेल तर सांगितल्याप्रमाणं ती टाका आणि झाकण लावल्यावर बाटली उलटी करून बघा. आत हवेचा फुगा पळताना दिसला तर झाकण काढून थोडं पाणी अजून घाला.

जिओस्मिनसाठी काळपट तपकिरी काचेची बाटली, झाकणाच्या आत टेफ्लॉनची चकती. प्लास्टिक चालत नाही, कारण हे पदार्थ प्लास्टिकला चिकटतात आणि प्लास्टिक स्वतःचा वास पाण्याला देतं. ही पण काठोकाठ, फुगा नको. पाण्यात क्लोरीन असेल तर ते मारायला लॅब थायोसल्फेट टाकून देते, तेही विसळू नका. फिनॉल आणि अमोनियाच्या बाटलीत ॲसिड असतं, हाताला, डोळ्याला लागू देऊ नका, ओतू जाईल इतकं भरू नका.

जिवाणूंच्या बाटलीचं सगळं उलटं. निर्जंतुक बाटली, वर थोडी जागा सोडायची कारण तपासायच्या आधी ती हलवावी लागते, लोखंडी-पितळी तोटी असेल तर गॅसलायटरच्या ज्योतीनं भाजून घ्यायची, प्लास्टिकची असेल तर स्पिरिटनं पुसायची, दोनतीन मिनिटं पाणी सोडून मगच भरायचं, झाकणाच्या आत बोट लागू द्यायचं नाही.

उरलेल्या क्लोरीनसाठी बाटली पाठवायचीच नाही. ते वाटेत उडून जातं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडं ओटी टेस्टचं किट असतं, नळावरच करून घ्या, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. नळाला ०.२ मिलिग्रॅम तरी पाहिजे, म्हणून क्लोरीनचा हलका वास असेल तर तक्रार करू नका, तो असलेला बरा.

आणि ऊन. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो आणि बंद डिक्कीत त्याच्याही वर. बाटल्या भरल्या की थर्मोकोलच्या डब्यात, भोवती बर्फाच्या पिशव्या, आइस्क्रीमवाल्याकडं असा डबा मिळून जातो. थंड ठेवायचं, गोठवायचं नाही, काच फुटते. वासाची टेस्ट लॅबच्या पॅनलकडून, म्हणजे वास घेणाऱ्या माणसांकडून, करायची असेल तर सहा तासांत पोचलेली बरी. सोमवारी-मंगळवारी पाठवा. शुक्रवारी पार्सल टाकलं की ते शनिवार-रविवार कुठल्या तरी ऑफिसच्या पडवीत तापत राहतं.

लेबलवर गाव, ठिकाण, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, क्लोरीन किती आलं आणि वास कसला वाटला हे सगळं लिहा. "वास येतो" एवढंच लिहू नका, "अंड्यासारखा, सकाळी जास्त, गरम केल्यावर वाढतो" असं लिहिलं तर केमिस्टला कुठून सुरू करायचं ते कळतं.

कुठं द्यायचं, काय मागायचं

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या लॅब जिल्ह्याला आणि उपविभागाला आहेत, जल जीवन मिशनमध्ये अशा लॅब सामान्य लोकांसाठी थोडक्या फीमध्ये खुल्या केल्यात. नेहमीच्या केमिकल टेस्ट तिथं होतात, जिवाणूंसाठी जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा. सल्फाईड, अमोनिया, फिनॉल होतं का ते आधी विचारा, सगळीकडं होत नाही. ग्रामपंचायतीतर्फे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) सहीनं नमुना गेला तर त्याची नोंद राहते, म्हणून गावच्या योजनेचं पाणी असेल तर एकट्यानं न पाठवता तसं पाठवा.

गावात जे फिल्ड टेस्ट किट असतं त्यात एच-टू-एसची (हे हायड्रोजन सल्फाईडचंच छोटं नाव) कुपी असते आणि तिच्या नावानं फार गैरसमज होतो. ती कुपी सल्फाईड मोजायची नाही. विष्ठेतून येणारे जिवाणू आहेत का ते ओळखायला ती आहे, ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली. पाणी भरून २४ ते ४८ तास ठेवायची, काळी पडली तर पाण्यात घाण मिसळलीय असा संशय घ्यायचा. पण पाण्याला मुळातच अंड्याचा वास असेल तर कुपी भरल्या भरल्या काळी होऊ शकते, आणि मग ती जिवाणूंबद्दल काहीच सांगत नाही. तसं झालं तर कोलिफॉर्मची टेस्ट लॅबमधूनच करून घ्या.

मातीच्या वासासाठी जीसी-एमएस नावाचं मशीन लागतं, ते पुणे, मुंबई, हैदराबादसारख्या ठिकाणच्या मोठ्या लॅबमध्ये. एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) साइटवर प्रत्येक लॅबचा स्कोप, म्हणजे मान्यता असलेल्या टेस्टची यादी असते, त्यात जिओस्मिन हे नाव आहे का ते बघा. पद्धत अशी की कुपीत पाणी आणि मीठ घालून तापवतात, वरच्या हवेत एक केसाएवढा बारीक फायबर सोडतात, वासाचे रेणू त्याला चिकटतात, मग तो फायबर मशीनमध्ये जातो आणि रेणूचे तुकडे पाडून वजनावरून ओळख पटते. 

पैसे भरायच्या आधी फोनवर एकच प्रश्न विचारा: तुमची डिटेक्शन लिमिट किती, म्हणजे कमीत कमी किती असलं तर मशीनला दिसतं? लॅबला कमीत कमी १ मायक्रोग्रॅम दिसत असेल तर ते झालं १,००० नॅनोग्रॅम, आणि तुमच्या नाकाला १० मध्येच वास आलाय. अशा लॅबच्या रिपोर्टवर "बीडीएल" (बिलो डिटेक्शन लिमिट) येणारच, त्याचा अर्थ पाण्यात काही नाही असा होत नाही, मशीनला दिसलं नाही एवढाच होतो. ५ नॅनोग्रॅमच्या आत दिसत असेल तरच बाटली पाठवा.

लॅब "थ्रेशोल्ड ओडर नंबर" पण देते, हा स्वस्त पडतो आणि उपयोगी आहे. तुमचं पाणी बिनवासाच्या पाण्यात मिसळून एकूण २०० मिली करतात आणि कितीपर्यंत वास कळतो ते बघतात. ५० मिली नमुना २०० पर्यंत पातळ केल्यावर वास जेमतेम कळला तर नंबर ४. पाणी टाकीत १ आणि नळाला ८ असेल तर दोष पाइपात आहे हे महागड्या मशीनशिवाय कळलं.

रिपोर्ट आल्यावर

सल्फाईड ०.०५ च्या वर आलं तर बोअर उपसून क्लोरीनचा डोस द्यायचा, टाकीतला गाळ काढायचा, पाणी वरून शिंतोडे उडत टाकीत पडेल असा पाइप लावायचा, हवा लागली की वायू बराचसा निघतो. अमोनिया ०.५ च्या वर आणि सोबत कोलिफॉर्म असेल तर गटार मिसळतंय, फिल्टर विकत घेत बसू नका, लिकेज शोधा.

जिओस्मिनला आपल्या मानकात मर्यादा नाही, जपानमध्ये ती १० नॅनोग्रॅम आहे, त्याच्याशी ताडून बघा. तुरटीनं आणि साध्या वाळूच्या फिल्टरनं पाण्यात विरघळलेलं जिओस्मिन जात नाही, क्लोरीनलाही ते दाद देत नाही आणि पाणी तापवलं की वास अजून वर येतो. ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो, घरी कार्बनचं फिल्टर, प्लांटवर कार्बनची पावडर. आणि तलावावर हिरवी साय आलेली दिसली म्हणून त्यात मोरचूद किंवा टीसीएलची पोती कोणी ओतत असेल तर थांबवा, शेवाळाच्या पेशी फुटल्या की आतलं सगळं एकदम पाण्यात येतं. वासच नाही, काही जातींत विषही असतं, ते उकळून जात नाही. त्या काठावर जनावरं पाण्याला सोडू नका.

दुरुस्ती झाली की त्याच नळाची, त्याच वेळेची, त्याच प्रकारच्या बाटलीत परत टेस्ट करा. क्लोरीनचा मोठा डोस दिल्यावर लगेच नको, आठवडाभर पाणी वापरून डोस पूर्ण निघून गेल्यावर, नाहीतर जिवाणू मेलेले आणि वास क्लोरीननं झाकलेला असा खोटा चांगला रिपोर्ट येतो. दोन्ही रिपोर्ट ग्रामपंचायतीच्या फाइलला लावा, पुढच्या मार्चला वास आला तर बाटली कुठली भरायची ते शोधत बसावं लागणार नाही.